शाळा बघायला गेलो, बा आणि मी

आमच्या वस्तीत भिंतीवरचं घड्याळ एकाच घरी होतं आणि तेही बंद असायचं. कुणाला त्याची गरजच पडत नव्हती. वेळ आम्हाला मालकाच्या विहिरीवरचं इंजिन सांगायचं. ऊन अंगणात उतरलं की ते सुरू व्हायचं, दुपारच्या भाकरीला थांबायचं आणि उन्हं कलली की पुन्हा सुरू. डग् डग् डग् डग्, असा एकसारखा आवाज केळीच्या बागांवरून आमच्या दारापर्यंत यायचा. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरजवळ बागांच्या कडेला आमची दहा-बारा घरं होती, सगळी बौद्धांची, आणि सगळी मालकांच्या बागेत राबणारी. माय चुलीपुढं बसल्या-बसल्या त्या आवाजाकडं कान ठेवायची. आवाज मधेच हलका होऊन भरभर पळायला लागला की म्हणायची, "पाणी तुटलं बघ. आता तुझा बा पळंल." पंपाचं पाणी तुटलं की इंजिनावरचा भार जातो आणि ते मोकाट सुटतं, हे शास्त्र मी पुढं शिकले. मायला ते भाकरी थापता-थापता ठाऊक होतं.

बा, म्हणजे माझा बाप, त्या इंजिनावरचा माणूस होता. हँडल मारून इंजिन चालू करायचं, पट्टा चढवायचा, डिझेल घालायचं, बंद करायचं. चौदा वर्षं हेच. सकाळी गेल्या-गेल्या बा इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मग हँडल उचलायचा. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता. कधीतरी इंजिनानं उलटा झटका दिला, हँडल फिरलं आणि अंगठा मोडला. तेव्हापासून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवायचा, भोवती गुंडाळायचा नाही, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. पण गंमत अशी की एवढ्या वर्षांत बानं ते इंजिन आतून कधी बघितलं नव्हतं. उघडायचा हक्क फक्त मिस्त्रीचा.

मी दुपारची भाकरी घेऊन विहिरीवर जायचे. ज्वारीची भाकरी, कच्च्या केळीची भाजी येसराचा मसाला लावून केलेली, आणि ठेचा. केळीच्या दिवसांत आमच्याकडं केळीचंच सगळं. केळफुलाची भाजी करताना मायचे हात चिकानं काळे व्हायचे आणि तो डाग लुगड्याला लागला की लुगडं फाटेपर्यंत जात नसे. आता माझी नात मोबाइलवर केळफुलाची भाजी बघते आणि मला विचारते, "आजी, हे तुम्ही खरंच खायचात?" खायचो म्हणजे काय, दुसरं काय होतं! तर बा जेवायचा आणि मी इंजिनाभोवती फिरायचे. हे काय, ते काय, ही नळी कुठून कुठं जाते. तो म्हणायचा, "त्याला इचारून काय करतीस? ते चालून राहिलंय ना?"

एका उन्हाळ्यात ते चालायचं थांबलं. टाकीतलं डिझेल संपलं होतं, बानं नवं घातलं आणि हँडल मारायला लागला. इंजिन फिरायचं, फुसफुसायचं, पेटायचं काही नाही. बानं मारलं, मुकादमानं मारलं, चार गडी दमले. बागेला पाण्याची पाळी द्यायची होती, केळीची पानं खाली मान टाकून उभी. मुकादमानं कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून इंजिनाला लिंबू-मिरच्या बांधल्या. बाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण तो नुसता लिंबाकडं बघत बसला. शेवटी नांदेडहून मिस्त्री आला. अंगात स्वच्छ सदरा, हातात चामड्याची पिशवी. आल्या-आल्या त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून बाच्या हातात दिला आणि म्हणाला, "धर. पाठ कर."

ही त्या मिस्त्रीची पद्धत होती. आपलं काम कुणी बघू नये म्हणून तो टॉवेलाचा पडदा धरायला लावायचा, आणि पडदा धरणाऱ्यानं तोंड दुसरीकडं करायचं. दरवेळी पडदा धरायचं काम बाचं. दोन्ही हात पसरून, टॉवेलाची दोन टोकं धरून, इंजिनाकडं पाठ करून बा उभा राहायचा आणि मागं पाच मिनिटांत ते इंजिन दुरुस्त व्हायचं. त्या दिवशी मी केळीच्या दोन खोडांमधून बघत होते. मला मिस्त्रीचा कोपर तेवढा दिसला. पान्याचा आवाज आला, काहीतरी सुस् सुस् झालं, मग मिस्त्री म्हणाला, "मार हँडल." बानं मारलं. डग्... डग्... डग् डग् डग्. मुकादम म्हणाला, "लिंबाचा गुण." मिस्त्री हसला आणि गेला.

मला त्या रात्री झोप आली नाही, असं मी लिहिणार नाही, कारण मी गाढ झोपले. पण दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तेव्हा आधी इंजिनाकडं गेले. एक बोल्ट ओला दिसला. बाकीच्या सगळ्यांवर धूळ, आणि या एकाभोवती डिझेलचा ओला डाग. म्हणजे त्यानं हाच सैल केला असणार! मला एवढा आनंद झाला की बाला सांगावंसं वाटलं, पण तो म्हणाला असता, गप. म्हणून मी सांगितलं नाही, आणि मग जी चूक करायची ती केली. पंधरा दिवसांनी इंजिन थांबलेलं होतं आणि बा कडुलिंबाच्या सावलीत आडवा झाला होता. मी त्याच्या पिशवीतला पाना घेतला आणि तो बोल्ट सैल केला. सुस् झालंच नाही. नुसतं डिझेल गळायला लागलं, मग आणखी गळायला लागलं. मी घाबरून बोल्ट फिरवला तो उलटा, आणि बोल्टच हातात आला. टाकीतलं निम्मं डिझेल मातीत गेलं आणि इंजिन पुन्हा चालू होईना. मिस्त्रीला पुन्हा बोलवावं लागलं. मालकानं विचारलं, कुणी हात लावला? बा म्हणाला, "मी लावला." मालक एवढंच म्हणाले, "आता उघडायला लागलास काय? मंग उद्यापासून खोडं वाहा, इंजिनावर दुसरा माणूस देतो." आठ दिवस बानं केळीची खोडं वाहिली. दुसऱ्या माणसाला हँडल जमेना म्हणून बाला परत बोलावलं, पण त्या आठ दिवसांत तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला ते असं, "सुमे, परत त्याला हात लावशील तर माझी शपथ हाय."

मी दहावी झाले, तीही बऱ्या मार्कांनी. पुढं काय करायचं यावर आमच्या घरात जी बोलणी झाली ती सगळी भाकरीच्या ताटावर. मायचं ठरलेलं होतं. नांदेडला औद्योगिक प्रशिक्षणाच्या शाळेत शिवणकाम शिकवतात, वस्तीतली एक पोरगी तिथं शिकून मशीन घेऊन बसली होती.

"सावलीत बसून काम. अजून काय पायजे?" माय म्हणाली.

"मला डिझेलचं शिकायचंय," मी म्हणाले.

माय हसली नाही, रागावलीही नाही. तिनं बाचा उजवा हात धरून माझ्यापुढं केला. "ह्यो अंगठा बघ आधी. ह्यो पायजे तुला?"

"तो अंगठा इंजिनाबद्दल काही ठाऊक न्हाई म्हणून मोडला."

बाच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं, आता मार बसतो. पण तो थोडा वेळ आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "जायचंच आसंल तर नांदेडला. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी. दुसरीकडं न्हाई." मग म्हणाला, "आन ते शिकायचं का शिवण, ते तिथं बघू." ही त्याची परवानगी नव्हती, हे मला कळत होतं. तिथं गेल्यावर लोकच पोरीला शिवणाकडं वळवतील, असा त्याचा हिशेब होता.

आणि झालं तसंच. त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, ती शाळा आता तशी राहिलेलीही नाही. इमारत नवी, फरशी इतकी चकचकीत की बानं चप्पल दारातच काढली. डिझेलच्या खोलीत एक इंजिन होतं. काय सांगू तुम्हाला, इतकं सुंदर इंजिन मी आजवर बघितलं नाही! मधोमध कापलेलं, आतले भाग लाल, पिवळे, निळे रंगवलेले, काचेच्या कपाटात ठेवलेलं. वर पाटी, 'हात लावू नये'. मी काचेला नाक लावून बघत राहिले. नळी कुठून कुठं जाते ते पहिल्यांदा दिसलं. तिथल्या सरांना मी विचारलं, "हे चालू होतं का?"

"हे दाखवायचं आहे," सर म्हणाले.

"मग चालू होणारं कुठंय?"

"मागं आहे. ते दुरुस्तीला आलंय." मग त्यांनी बाकडं बघितलं. "मुलींचा शिवणाचा वर्ग त्या बाजूला आहे, काका. डिझेलला आमच्याकडं मुलगी नाही."

परत येताना एसटीत बा खूश होता. "लई स्वच्छ शाळा," तीनदा म्हणाला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला त्या सरांचा राग आला नव्हता, खरं सांगते. मला एवढंच कळत नव्हतं की इंजिन दुरुस्त करायला शिकवणाऱ्या शाळेतलं इंजिन कोण दुरुस्त करणार आहे. हे मी बाला म्हणाले. बा म्हणाला, "मिस्त्री येत आसंल."

माझी मावशी लातूरला राहायची. तिच्या नातवाचं बारसं निघालं आणि माय शेजारणीच्या बाळंतपणात अडकली म्हणून बा आणि मी दोघंच गेलो. मायनं धपाटे बांधून दिले होते, एसटी लोहा गावाच्या पुढं गेल्यावर ते सोडले, त्यांच्या वासानं शेजारचा म्हातारा जागा झाला म्हणून त्यालाही दिले. मावशीच्या गल्लीमागं एक अशीच शाळा होती, डिझेल शिकवणारी, पत्र्याच्या शेडमधली. मावशी म्हणाली, "दिवसभर डोकं उठवतेत बाई, डगडग डगडग." मी बाकडं बघितलं. "नुसतं बघू," मी म्हणाले. "आलोच हावोत तर." बा म्हणाला, "लातूरचं आपलं ठरलेलं न्हाई." पण बारसं दुपारनंतर होतं आणि बायकांच्या गर्दीत त्याला बसवत नव्हतं, म्हणून तो आला.

शेडमधली जमीन तेलानं काळी. दारात चप्पल काढायचा प्रश्नच नव्हता. पाच-सहा इंजिनं, कुठलंच धड नाही. कुणाचं डोकं काढलेलं, कुणाचं पोट उघडं. मधे आमच्या विहिरीवर होतं तसलंच एक इंजिन आणि त्याच्याभोवती सात-आठ विद्यार्थी घामाघूम होऊन हँडल मारत होते. एका बाकावर पांढऱ्या दाढीचे सर बसून चहा पीत होते. त्यांना सगळे करीम सर म्हणत. ते विद्यार्थ्यांना काही मदत करत नव्हते, नुसते बघत होते.

बा दारातच थांबला होता. चौथ्या-पाचव्यांदा हँडल फिरलं आणि बा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "ते बोलून न्हाई राहिलं."

करीम सरांनी कप खाली ठेवला. "क्या नै बोलरा, बाबा?"

बा ओशाळला. "काही न्हाई, साहेब."

"नै, नै, बोलो. काय बोलून नाही राहिलं?"

"ते हँडल मारल्यावर आतून कुर्र करतंय ना. बारीक. ते आलं की इंजिन चालू होतंय. ते आलं न्हाई." मग पोरांकडं बघून म्हणाला, "कितीबी मारा, होणार न्हाई."

सर उठलेच. "तुमी मिस्त्री हाय?"

"न्हाई. मी नुसता चालू करतो."

"किती वर्सं?"

"चौदा."

"चौदा साल तुमी कानानं पकडता, और ये लोगां को मैं दो महिने से सिखारा, ऐकू येत नै!" सर विद्यार्थ्यांवर ओरडले, पण डोळे हसत होते. "कुर्र कोण करतंय, म्हाईत हाय तुमाला?"

बानं मान हलवली. नाही.

सरांनी पाना उचलला आणि इंजिनाकडं वाकले. आणि बा वळला. सरांनी पाना हातात घेतल्याबरोबर बानं इंजिनाकडं पाठ केली, दोन्ही हात थोडे उचलले आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एक पोरगा खुसखुसला, त्याला वाटलं म्हातारा येडा आहे. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याचबरोबर भीती वाटत होती की आता बाला कळेल आणि तो शरमून निघून जाईल, आणि माझं सगळं तिथंच संपेल.

सरांनी मागं वळून बघितलं. पाना हातात तसाच. त्यांना काय समजलं, किती समजलं, ठाऊक नाही. बहुतेक सगळंच समजलं असावं, त्यांनीही कधीतरी कुणाचा तरी टॉवेल धरला असणार. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, उदर भिंतीत काय बघताव? काम इदर हाय. इकडं या, बसा. आज पाना तुमीच पकडा."

बा वळला. हात खाली घेतले. सदऱ्याला पुसले, जसे काही जेवायला बसायचंय. आणि तो सरांच्या शेजारी उकिडवा बसला. सरांनी त्याचं बोट एका बोल्टवर ठेवलं. मी बघितलं, अगदी तोच नव्हता, पण शेजारचा होता! एका बोल्टानं चुकले होते मी. "ह्यो दोन आटे सैल करा. काढायचा नै, फकत सैल." बानं केला. सुस् सुस् झालं आणि डिझेलमधून बुडबुडे यायला लागले. "हवा," सर म्हणाले. "टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरती. हवा हाय तवर डिझेल पुढं जात नै. बुडबुडे संपू द्या." बुडबुडे संपले, बानं बोल्ट आवळला. मग सरांनी डोक्यावरचा एक भाग सोडवून बाहेर काढला, नळीला तसाच जोडलेला ठेवला, टोक मोकळ्या बाजूला केलं आणि सगळ्यांना लांब सरकवलं. "ह्यो नोझल. हात पुढं न्यायचा नै, कातडीतून आत घुसतंय." एका विद्यार्थ्याला म्हणाले, "मार."

हँडल फिरलं. कुर्र! आणि त्या टोकातून पांढरा फवारा उडाला, धुक्याहून बारीक.

"धूर हाय का?" बानं विचारलं.

"डिझेल. ह्योच बोलतंय. सुईच्या टोकायेवढ्या भोकातून जोरात निघतंय, म्हनून आवाज."

"परत मारा बरं."

कुर्र.

"आजून एकदा."

मला वाटतं विद्यार्थ्याकडून पंधरा वेळा हँडल मारून घेतलं त्यानं. मग सुटलाच. हे डिझेल आत पेटवतं कोण, काडी कोण लावतं? नुसतं दाबल्यानं पेटतं? ते कसं काय? आन आतलं वर-खाली होतंय तर बाहेरचं चाक गोल कसं फिरतंय? करीम सर त्याला एका उघड्या इंजिनापासून दुसऱ्यापर्यंत नेत होते, पिस्टन हातात देत होते, आणि बा तो तळहातावर तोलून बघत होता. मी मागं-मागं. मी तिथं आहे हे दोघंही विसरले होते. आज ट्रॅक्टरला लॅपटॉप जोडून बिघाड शोधतात, चांगलंच आहे, मीसुद्धा म्हातारपणी ते थोडंफार शिकले. पण एखादं पोरगं यंत्राकडं न बघता नुसतं पडद्याकडं बघत राहिलं की मला बाचे ते डोळे आठवतात.

शेवटी सरांचंच माझ्याकडं लक्ष गेलं. "ये कोन?"

"माझी लेक," बा म्हणाला. "हिलाच शिकायचंय. नांदेडला बघितली शाळा."

सरांनी पोरांकडून नोझल परत जागेवर बसवून घेतला, मला इंजिनापाशी बोलावलं, हँडल दाखवलं, "पकड." मी धरलं, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून. सरांनी फक्त अंगठ्याकडं बघितलं. "इनों सब," विद्यार्थ्यांकडं बोट करून म्हणाले, "पयल्या दिवशी अंगठा गुंडाळून उभे होते." मी हँडल मारलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आतून कुर्र आलं आणि इंजिन सुरू झालं. डग् डग् करत पत्रा थरथरायला लागला, कानाला काही ऐकू येईना. बा माझ्याकडं नाही, इंजिनाकडं बघत होता.

बाहेर आल्यावर तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. बारशाचं पेटीचं गाणं ऐकू येत होतं. मला विचारायचा धीर होईना. लातूर म्हणजे रोजची एसटी नाही, लातूर म्हणजे घर सोडणं, मावशीकडं राहणं, सणावारालाच मायचं तोंड दिसणं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"नांदेडची शाळा चांगली हाय," तो म्हणाला. "पण तिथं इंजिन न्हाई."

मी हातांना लागलेलं तेल पुसत राहिले.

"मायला तू सांग. मी न्हाई सांगणार."

मग आम्ही परत वळून शाळेच्या ऑफिसात गेलो. तिथले बाबू जेवणाचा डबा झाकत होते. त्यांनी नाव विचारलं, मी घरून निघतानाच बरोबर घेतलेला मार्कांचा कागद बघितला, आणि सवयीनं म्हणाले, "शिवणाचा वर्ग आमच्याकडं नाही, बाई."

"डिझेल," बा म्हणाला.

बाबूंनी त्याच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. बा मागं सरला नाही. तेव्हा त्यांनी अर्ज पुढं केला. मी भरला. पालकाची सही हवी होती तिथं बानं वाकड्या अंगठ्यात पेन धरून सही केली. सही करायला तो प्रौढांच्या वर्गात शिकला होता आणि प्रत्येक अक्षर वेगळं-वेगळं काढायचा. बाबूंनी शिक्का मारला, पावती फाडून दिली. झालं. मी उठले. बा उठला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "इथं वयाची अट काय हाय?"

"पोरीचं बसतंय की वय, काका. काळजी करू नका."

"पोरीचं न्हाई इचारलं."

बाबूंनी मान वर केली. "मग कुणाचं?"

बानं खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला, वर बघितलं नाही, आणि म्हणाला, "आसंच. इचारून ठेवलेलं बरं."